चोचीचं वजन

"या राज्यात एक राक्षस मोकाट फिरतोय! आमच्या रणशूरच्या शेपटीची तीन पिसं मोडलीत त्यानं!"

राजा भुजंगराव भर दरबारात गरजला. रणशूर म्हणजे त्याचा लाडका झुंजीचा कोंबडा. त्याच्यावर छत्री धरायला हैबती नावाचा खास सेवक होता. कोंबडा गावभर फिरे, हैबती छत्री घेऊन मागे पळे आणि लोक दारं लावून घेत.

गर्दीतून राणबा बुरूड पुढे झाला. "राक्षस नाही महाराज, मी. सूप विणत बसलो होतो. हा थेट डोळ्यावर झेपावला. हातातलं सूप हाणलं."

झालं! मागे उभ्या असलेल्या त्याच्या लेकीनं, गोजरानं, कपाळाला हात लावला. बा खरं बोलून मोकळा झाला होता.

न्यायशास्त्र्यांनी पोथी उघडली. "स्वतःला वाचवण्यासाठी हात उचलणं हा गुन्हा नाही."

गोजराचा जीव भांड्यात पडला.

"मात्र अटी तीन," शास्त्रीबुवा म्हणाले. "पहिली, संकट त्याच क्षणी अंगावर आलेलं हवं."

"नाकावर आलं होतं!" राणबा म्हणाला.

"दुसरी, पळायला वाट नसावी."

"मागं भिंत होती, पुढं कोंबडा. उजवीकडं बांबूची रास आणि डावीकडं विहीर."

"मग विहिरीत का नाही पळालास?"

"पळाला असता, तर आज तुमच्यापुढं उभा राहिला असता का?" गोजरा उसळून म्हणाली.

"तिसरी!" शास्त्रीबुवांचा आवाज चढला. "दिलेला मार आलेल्या माराइतकाच हवा. गुंजभरही जास्त नाही!"

राजानं मांडीवर थाप मारली. "ठरलं तर! उद्या दुपारपर्यंत ती चोच आणि ते सूप तोलून दाखवा. सुपाचा मार गुंजभर जरी जड निघाला, तर बुरडाचा उजवा हात तोडा!"

बुरडाचा उजवा हात गेला म्हणजे घरची चूलच गेली. राणबानं उजवा हात पाठीमागं लपवला. गोजरा मात्र म्हणाली, "तोलते, महाराज. उद्या मी येते. कोंबडा तुम्ही आणा."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती रिकाम्या हातानं.

"तराजू कुठाय?" राजानं विचारलं.

"सोनाराच्या काट्यावर चोच ठेवली, तर चोचीचं वजन कळेल. चोच मारल्याचं कसं कळणार? ते ज्याच्या पायावर बसेल त्यालाच कळेल. माझा पाय पुढं केला तर म्हणाल, पोरगी बापासाठी खोटं बोलते. सगळ्या राज्यात ज्याच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही, असा पाय एकच आहे."

राजाची छाती फुगली. त्यानं ऐटीत पाय पुढे केला. "सोडा रणशूरला!"

रणशूरनं पोटरी पाहिली, मान तिरकी केली आणि झेप घेतली.

"आई गं! मेलो! धरा याला!" राजा सिंहासनाच्या पाठीवर चढला. हाताला लागली ती पिकदाणी त्यानं फेकून मारली. आणखी पाच पिसं हवेत उडाली.

"लिहा, शास्त्रीबुवा," गोजरा शांतपणे म्हणाली. "दरबाराला दारं किती?"

"सात," शास्त्रीबुवा सवयीनं बोलून गेले.

"महाराज किती दारांतून पळाले?"

"एकाही नाही."

"पिकदाणीचं वजन?"

"अडीच शेर... भरलेली होती."

"अगं पोरी!" राजा वरून ओरडला. "कोंबडा अंगावर आल्यावर दारं कोण मोजतं? पिकदाणी कोण तोलतं? हाताला येईल ते माणूस फेकतं!"

"हीच साक्ष हवी होती, महाराज! कोंबडा तोच, चोच तीच, कायदाही तोच. माझ्या बापानं तीन पिसं मोडली, तुम्ही पाच. आता सांगा, आधी कुणाचा हात तोडायचा?"

राजानं आधी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग राणबाच्या. आणि तिथंच वर बसून तो असा खदाखदा हसायला लागला की सिंहासन डुगडुगलं.

"सोडा बुरडाला! नदीकाठचं वेळूचं बन त्याला इनाम! आणि पोरी, आजपासून असला खटला आला की शास्त्रीबुवांच्या शेजारी तू बसायचंस. शास्त्रीबुवा, तिसरी अट खोडा! यापुढे चोच तोलायची ती ज्याला बसली त्याच्या जागी उभं राहून!"

सगळा दरबार हसू लागला. राजा डोळे पुसत खाली उतरायला निघाला, तोच छत्री सावरत हैबती अदबीनं पुढे आला.

"महाराज, जरा मागच्या बाजूनं उतरा. रणशूर गादीवर बसलाय."