तांबटिणीच्या कणगीतल्या पळ्या

एका गावात एक तांबटीण राहायची. नवरा तांब्या-पितळेची भांडी ठोकायचा, त्यामुळं घरात भांडी इतकी, की मांजराला चालायला वाट नव्हती. तरीपण ही बाई लोकांच्या पळ्या चोरायची.

हसू नका. तिला हसू येत नव्हतं.

त्या गावात पंगत म्हटली की घरोघरची भांडी देवळात यायची. ज्याच्या त्याच्या भांड्यावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं, आणि कोरणारा कोण, तर हिचाच नवरा. म्हणजे चोरलेली पळी ना वापरायची सोय, ना विकायची. तिला ती नकोच असायची. पण घासलेल्या भांड्यांची रास दिसली की हाताला मुंग्या यायच्या, छाती धडधडायची. पळी पदराखाली गेली की जरा गार वाटायचं. घर येईस्तोवर तेपण संपायचं. मग पळी बाजरीच्या कणगीत खुपसायची आणि आपल्याच हाताला चिमटे काढत बसायची. पुन्हा नाही म्हणायची. हात कुठला ऐकतोय.

पळ्या जात राहिल्या आणि आळ आला पंगतीची भांडी घासणाऱ्या म्हातारीवर. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं.

"आत्या, पळ्या खातेस का काय?" बाया विचारायच्या.

"खाते की. तुमच्या आमटीपेक्षा बऱ्या लागतात."

पण चंपाषष्ठीच्या पंगतीत पाटलांच्या वारलेल्या आईच्या नावाची पळी गेली, तेव्हा चेष्टा संपली. पाटील म्हणाले, "उद्या सकाळी खंडोबापुढं सगळ्यांनी भंडारा उचलून सांगायचं, मी नेली नाही. ज्याच्या हातून हळद सांडंल, तो चोर. त्यानं गाव सोडायचं."

त्या रात्री तांबटिणीला कणगीजवळून गेलं तरी आत पळ्या वाजल्यागत वाटायचं. नवरा म्हणाला, "तू कशाला घाबरतेस? आपल्याला काय पळ्यांचा तोटा आहे?" ती आणखीच घाबरली.

सकाळी आत्या सगळ्यांत पुढं. राखेनं भांडी घासून घासून तिची बोटं वाकडी झालेली, मूठ नीट मिटेना. भंडारा फटींतून सांडला.

"देवानंच दाखवलं," पाटील म्हणाले. "बाकीच्यांनी आता उचलायची गरज नाही. आत्या, गाठोडं बांध."

तांबटीण सुटली. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ती बसलीपण असती. पण आत्या जाता जाता तिच्याचपाशी थांबली. "बाई, माझी कोंबडी तेवढी सांभाळ. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही मला."

तांबटिणीनं तिचा हात धरला. "पळ्या माझ्या कणगीत आहेत," ती म्हणाली.

"बाई, दया दाखवायची ही जागा नव्हं," पाटील म्हणाले.

मग कणगी उपसली. बाजरीबरोबर पळ्या खळाखळा पडल्या. आपल्याच हातानं कोरलेली नावं बघून तांबटानं मान खाली घातली.

"अगं पण कशाला?" पाटलांनी विचारलं. "घर भरलंय तुझं."

"ठाऊक असतं, तर थांबले नसते का मी?"

"हिचंच गाठोडं बांधा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे आत्याकडं बघायला लागले. आत्या काय सोडते होय.

"आधी माझ्या पाया पड," आत्या म्हणाली. ती पडली. "आता ऐका. माझी थोरली भिंतीची माती खायची. घरात भाकरी असताना. मारून मारून माझा हात दुखला, माती सुटली नाही. मग वैद्याकडं नेली आणि तिला सांगितलं, खावीशी वाटली की लपू नको, मला हाक मार. हाक मारली की मी फुटाणे द्यायची. हळूहळू कमी झालं. हिच्या हाताचं तसलंच दिसतंय."

पाटलांनी आईची पळी धोतराला पुसली आणि म्हणाले, "बघा मग तुम्हीच."

तवापासून तांबटीण वैद्याचं औषध घेते आणि पंगतीला आत्याशेजारी भांडी पुसायला बसते. मुंग्या आल्या की हळूच म्हणते, "आत्या, आलं."

आत्या तिच्या मांडीवर भलंमोठं ओलं पातेलं ठेवते. "घे. हे लपव पदराखाली."

तरी मागं एकदा पळी गेलीच. दुसऱ्या दिवशी ती आपणहून पळी घेऊन पाटलांच्या दारात उभी. पाटलांनी पळी घेतली आणि म्हणाले, "आलीच आहेस तर ताक पिऊन जा."

तात्पर्य: नेलेली वस्तू परत द्यावी आणि आपल्या चोरीचा आळ दुसऱ्यावर जाऊ देऊ नये. पण हाव वेगळी, आजार वेगळा. आजार गावाबाहेर हाकलून बरा होत नाही, हाक मारायला माणूस असलं तर आवरतो. आणि आता घरी जाऊन आपापल्या पळ्या मोजू नका.