देवाला बसायचंय

फार फार वर्षांपूर्वी खोंडशी नावाच्या डोंगरगावात म्हातारे तूप प्यायचे. पौषातल्या जत्रेआधी पंगत बसायची आणि वाटीमागून वाटी जो रिचवेल, तो पालखीचा मानकरी. फळाला मात्र कुणी हात लावायचा नाही. फळं खावीत पोरांनी आणि वानरांनी, असं हे शहाणे म्हणत.

मग पालखी घेऊन देवाचा चढ लागला की यांच्या छातीचा भाता व्हायचा. पण दम लागला असं कबूल करतील तर ते म्हातारे कसले! पालखी टेकवायची, छाती चोळायची आणि म्हणायचं, "देवाला बसायचंय." वळणावळणाला देव बसायचा. एका साली मानकरी धोंडबा बसला तो उठलाच नाही. "देवानं बोलावलं," बाकीचे म्हातारे म्हणाले, आणि तेराव्याला पुन्हा तूप प्याले.

पुढल्या साली मान मिळाला रायाजीला. त्याची लेक भिवरा पेरू-बोरं विकायची. जीभ म्हणजे विळा. रायाजी पहिल्याच वळणावर थांबला. ओठ काळेनिळे, हात छातीवर. आई लहानपणीच गेलेली, आता बापही?

"देवाला बसायचंय," रायाजी पुटपुटला.

भिवरानं पेरूंची पाटी पालखीपुढं आदळली. "बसू दे की, आबा! बसलाय म्हणजे भूक लागलीय. तूप नको म्हणतोय, पेरू मागतोय. आणि मानकऱ्यांनी रोज सकाळी इथवर चढून हाच प्रसाद खायचा. तूप बंद!"

"हे तुला देवानं सांगितलं होय गं?" म्हातारे खेकसले.

"तुम्हाला बसायचं सांगतो, मग मला एवढं सांगणार नाही?"

हिला खोटं म्हणावं, तर आपलंच खोटं उघडं पडतंय. म्हाताऱ्यांनी पेरू चावले. त्या साली पालखी पोरांनी वर नेली.

वर्षभर म्हातारे तोंडं वाकडी करत रोज चढले, रोज खाल्ले. त्यांनी थुंकलेल्या बियांतून रातोरात झाडं उठली आणि बाराही महिने लगडली, असं म्हणतात. पुढल्या पौषात पालखी एका दमात माथ्यावर पोचली, ढोलवाले मागं राहिले, वाऱ्यानं देवाचा फेटा उडाला, असं म्हणतात. रायाजीनं शंभरी ओलांडली, असंही म्हणतात. मोजायला कोण होतं? तूप न सोडलेले सोबती कधीच गेले होते.

आजही खोंडशीत मानकरी भिवराच्या नावानं ठेवलेल्या पाटीतला पेरू खाल्ल्याशिवाय पालखीला खांदा देत नाही. आणि चढावर एखादा म्हातारा "देवाला बसायचंय" म्हणालाच, तर सगळी पोरं एका सुरात ओरडतात,

"पेरू द्या रे देवाला!"