तंबाखूच्या वखारीतली शिंकणारी परी

खोटं बोलतोय तात्याबा! सपशेल खोटं! म्हणं परी फकस्त कुलपातल्या बागंत येती. शेंबडी पोरं असत्यात तिथं येत न्हाय. आरं, तुझ्या कानात येऊन सांगितलं का परीनं? शाळंम्होरलं मैदान तुझ्या बापानं आंदण आणलंय व्हय, त्याला तारंचं कुंपण घालून एवढं थोरलं कुलूप ठोकलंस ते? पोरं गवत तुडवत्यात म्हणं. मग काय गवत देव्हाऱ्यात बसवायचं?

बसा रं पोरांनो, हितं बांधावर बसा. परी कुठं येती ते मी सांगतो. सांगताना माझं पोट जळतंय, ते आधीच सांगून ठिवतो. कारण ती लांबच्या शहरात आली, आपल्या वाडीत न्हाय आली.

त्या शहरात एक पत्रा गल्ली व्हती. इतकी चिंचोळी, की म्होरनं हंडा घेऊन बाई आली तर आपण भिंतीला पालीगत चिकटायचं. झाड न्हाय, सावली न्हाय. मोरीचं पाणी गल्लीभर आपलं हिंडतंय. त्या गल्लीत बकुळा राहायची. पिटुकली पोर. गालावर खळी, फ्रॉकाला ठिगळ. तिची आई हौसा दिसभर चिंचा फोडायची आन बकुळा चिंचोके निवडायची. दोघींची बोटं कायम आंबट.

गल्लीच्या मागं तंबाखूची जुनी वखार व्हती. धंदा कवाच बुडाल्याला. छपराचे पत्रे लोंबत्यात, तुळया आडव्या पडल्यात, कोपऱ्यात तंबाखूची भुकटी साठलीया. आन वखारीच्या पल्याड गुलाब कॉलनी. तिथं काय न्हाय ते इचारा! हिरवीगार बाग, पिवळी घसरगुंडी, लाल फाटक. फाटकाला कुलूप, कॉलनीवाल्यांच्याच किल्लीनं उघडणारं.

नवरात्रात त्या बागंत पोरींचा भोंडला चालायचा. पाटावर हत्ती काढायचा, मधी ठिवायचा, भवतीनं हातात हात गुंफून फेर धरायचा. मग डब्यात झाकल्याली खिरापत वळखायची. आज हिच्या दारात भोंडला, उद्या तिच्या दारात. परकर कसं गर्रकन फिरायचं, निळं, जांभळं, डाळिंबी! बकुळा वखारीत शिरायची आन पल्याडच्या भिंतीला एक भोक व्हतं, त्याला डोळा लावून बघत बसायची.

तिच्याच वर्गातली केतकी त्या फेरात असायची. एक दिस बकुळानं शाळंत तिला इचारलं, "केतके, मला बी बोलीव की गं भोंडल्याला."

केतकी म्हणली, "कशी बोलवू? आई म्हणते, भोंडला परत करायचा असतो. तुझ्या दारात फेर धरायला जागा तरी आहे का?"

झालं! बकुळाच्या पोटात कुणी मिरच्या कुटाव्या तशी आग पडली. केतकीची मूठभर जाड वेणी दिसली तरी तिला चीड यायची. रातीला आई म्हणली, "जेव गं बाय," तर म्हणती कशी, "केतकीलाच जेवू घाल जा!"

दुसऱ्या दिशी दुपारच्याला ती वखारीत येऊन फुरंगटून बसली. बाजूला पाण्याचा तांब्या. लै लांबनं, रांगंत उभं राहून आणल्यालं पाणी. एवढ्यात तिला भिंतीच्या फटीत एक पिंपळाचं रोपटं दिसलं. इवलं इवलं. दोनच पानं, आन ती बी माना टाकल्याली.

"तुला बी कुणी बोलवत न्हाय व्हय रं?" बकुळा म्हणली. आन तहान मारून तांब्यातलं समदं पाणी तिनं त्या फटीत वतलं.

तशी फट चमकायला लागली! पयलं केशरी, मग सोनेरी, मग चांदण्यागत पांढरं. आन त्यातनं बाहीर आली परी. केवढी? वालाच्या शेंगंएवढी. पंख कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ, त्यात इंद्रधनू हालतंय. डोक्यावर दवाच्या थेंबाचा मुकुट. आन नाकाला तंबाखूची भुकटी!

"आ... आ..." परीनं नाक चिमटीत धरलं. "पोरी, लवकर माग गं! वखारीत राहून माझ्या नाकात दोन शिंका अडकल्यात. एका शिंकंला एक मागणं."

बकुळा एका दमात म्हणली, "केतकीची बाग उचल आन हितं आणून ठिव! तिला काय बी ठिवू नगं!"

परी हसली. घुंगरू वाजल्यागत हसली. "दुसऱ्याचं काढून मी देत न्हाय बाळा. नवं कोरं बी आणत न्हाय. जे टाकून दिलंय, पडून राहिलंय, त्यातनंच करती. आन एक ध्यानात ठिव, मी केल्यालं कुलपात जगत न्हाय. आता माग बघू, तुझं तू."

बकुळानं इचार केला. मग बारीक आवाजात म्हणली, "फेर धरायला जागा दे."

फटाक! परी शिंकली. सोन्याची धूळ वखारभर उडाली आन काय सांगू! मोडक्या तुळया लोळत लोळत आल्या, त्यांची बाकडी झाली. लोंबतं पत्रं दुमडून पावसाच्या पाण्याच्या पन्हाळी झाल्या. फरशीचं दगड टुणटुण उड्या मारत गोल बसले, मधी फेराची जागा. गल्लीभर हिंडणारं मोरीचं पाणी वाळूतनं, लाल-पिवळ्या कर्दळीतनं निथळत आलं आन पिंपळाच्या मुळाशी गेलं. पिंपळ वाढला, वाढला, छपराला भिडला, आन समद्या वखारीवर हिरवी सळसळती सावली पडली.

पत्रा गल्ली तिथं लोटली. म्हाताऱ्या बाकड्यावर टेकल्या. "माजं गुडघं तीस वर्सांनी पसरलं गं," एक म्हणली. हौसानं चिंचा निवडायचं सूप सावलीत आणलं. आन पोरींनी हत्ती काढून भोंडला धरला. तीन दिस नुस्ता दंगा.

चौथ्या दिशी केतकी आली. मैतरणींना घेऊन, बाजारपेठंचा लांब वळसा मारून, उनातनं घामाघूम होऊन आली. "बकुळा, आम्हाला घेतेस फेरात? इथे किती छान सावली आहे!"

ती आग अजून इझली नव्हती, पोरांनो. बकुळा दारात आडवी हात पसरून उभी राह्यली. "भोंडला परत करायचा असतो न्हवं? तू कवा बोलीवलंस मला?" आन धाडकन दार लावून वखारीचं जुनं कुलूप आतनं घातलं. आतल्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या. "बरी जिरवली!"

कुलपाची किल्ली फिरली मात्र, वर पिंपळ थरारला. एक पान गळलं. दुसरं गळलं. मग पानांचा पाऊसच. कर्दळी माना टाकायला लागल्या, पाणी आटलं, फेराच्या दगडांना तडे गेले. बकुळा फटीकडं धावली. परी तिथंच दडून बसल्याली, जोंधळ्याच्या दाण्याएवढी झाल्याली, पंख राखाडी.

बकुळानं रडत जाऊन कुलूप काढलं, दार सताड उघडलं. पर काय उपेग? घटकाभर वाट बघितली, पिंपळ तसाच उघडा.

"कुलपानं मारल्यालं नुस्तं कुलूप काढून जगत न्हाय गं," परी कुजबुजली. "एक शिंक राह्यलीया माझी. तेवढ्यात तुझी जागा पयल्यासारखी मागून घे. मग काय मिळणार न्हाय."

बकुळानं तोंड उघडलं, आन तेवढ्यात तिला पल्याडच्या भिंतीचं भोक दिसलं. भोकात एक डोळा व्हता. रडून लाल झाल्याला. केतकीचा. परत तो वळसा मारून घरी गेली व्हती आन तिकडनं बघत व्हती. त्याच भोकाला बकुळाचा डोळा किती दिस लागला व्हता! तिथं उभं राह्यलं की पोटात कसं व्हतं, ते तिच्याशिवाय कुणाला ठाव?

तिनं डोळं पुसलं. "परीबाय, मला जागा नगं. वाट दे. केतकीच्या दारापासनं माझ्या दारापातुर. सरळ. कुणाला उनातनं वळसा नगं."

"आन तुझा फेर?"

"नसू दे. मग मी तिच्या दारात जाईन, ती माझ्या येईल."

परीनं तिच्याकडं बघितलं, आन अशी शिंकली, अशी शिंकली, की छपरावरचे पक्षी उडाले! मधली भिंत वितळल्यागत खाली बसली, तिच्या बसायला पायऱ्या झाल्या. लाल फाटकाचं कुलूप टपकन गळून पडलं, तिथं निळं गोकर्णीचं फूल उमललं. बागंतनं वखारीत, वखारीतनं गल्लीत, गल्लीतनं शाळंपातुर एक सावलीची वाट पळत गेली. त्या वाटंनं केतकी पळत आली, तिच्या मागं समदी कॉलनी. माणसांचं पाय लागलं तशी पिंपळाला तांबूस लुसलुशीत पालवी फुटली. फुटतच राह्यली!

"झाड पाण्यानं जगतं तसं जागा पायांनी जगती, येडे," परी म्हणली. आता तिचं पंख सूर्यागत झळकत व्हतं. "आता माझ्या नाकात काय उरलं न्हाय. मी निघाले."

उजेडाचा एक झोत उठला, मोतिया, गुलाबी, सोनेरी. त्यात ती इरघळून गेली. पिंपळाच्या पानापानावर तेवढी चमचम राह्यली.

त्या सांजंला बकुळाच्या दारातला भोंडला झाला. खिरापत वळखायला केतकीनं समदं सांगितलं. करंज्या? न्हाय. बर्फी? न्हाय. श्रीखंड? न्हाय गं न्हाय! हौसानं डबा उघडला. चिंचंच्या गोळ्या, गूळ-जिरं घातलेल्या. केतकीनं एक डोळा मिटला, जीभ टाळ्याला लावली आन म्हणली, "उद्या आमच्याकडे, आणि ह्याच गोळ्या आणायच्या!"

तिथं अजून कुणी कुलूप घेऊन आलं की पिंपळ नुस्ता थरारतो. आणणारा कुलूप खिशात घालून माघारी जातो.

आता सांगा, माझं पोट जळंल का न्हाय? त्या शहरात पडक्या वखारीची जागा झाली, आन आपल्याकडं आयतं मैदान कुलपात सडतंय. परी यायला तिला शिरायला वाट तर पायजे!

किल्ली तात्याबाच्या कनवटीला हाय. उठा. समदी मिळून जावा. किल्ली आणा.