पेजछत्रातला नवा नोकर

साळूच्या पेजछत्राला कुलूप लावायचा हुकूम आला, तेव्हा चुलीवर पेज रटरटत होती आणि पडवीत आजारी माणसं वाडगे घेऊन बसली होती. वैद्याकडे लांबून आलेल्या रोग्यांना फुकट पेज वाढायची, एवढंच त्या छत्राचं काम. पण हिरेगडच्या भानुराजांनी नवा कायदा केला होता आणि साळूचं छत्र काही केल्या त्यात बसत नव्हतं.

कायद्यामागचं कारण मात्र खरं होतं. गडाखालच्या एका बड्या मठाचा महंत नोकरांना वर्षानुवर्षं फुकट राबवत होता. कुणी पगार मागितला की म्हणायचा, "अरे, ही तर सेवा!" राजे संतापले आणि त्यांनी कारभारी त्रिंबकपंतांना कायदा लिहायला बसवलं. पंतांना लिहायला बसवणं सोपं, थांबवणं अवघड. त्यांनी लिहिलं की धर्माच्या संस्थेत जो कामाला हात लावेल तो तिचा नोकर. त्याला पगार मिळालाच पाहिजे, आजारपणात औषध मिळालंच पाहिजे. त्याने दुसरा कोणताही उद्योग करू नये आणि संस्थेच्या चालकाने रजा दिल्याशिवाय कामावरून हलू नये. यात अपवाद कुणालाही नाही.

महंताने एका दुपारीच त्यावर तोड काढली. निम्म्या नोकरांना त्याने मठाचे पाहुणे ठरवलं आणि ते पाहुणे पुन्हा अंगण झाडायला लागले. अडकली ती साळू.

तिच्याकडे पगारी माणूस एकच, पाणी भरणारा सखोबा. बाकीचे येऊन जाऊन. आवडाबाई कासारीण बांगड्यांचं दुकान उघडायच्या आधी पेज ढवळून जायची. धोंडू न्हावी गिऱ्हाईक नसलं की लाकडं फोडून द्यायचा.

"दोघांना पगार सुरू कर आणि त्यांचे धंदे बंद कर," पंत म्हणाले.

"पंत, आवडाबाईचं दुकान बंद केलं तर उद्या तीच वाडगा घेऊन पडवीत बसेल."

"मग तिला येऊ देऊ नकोस."

"आणि पेज कोण ढवळणार?"

"तो तुमच्या संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे," पंत म्हणाले आणि उपरणं झटकून निघून गेले.

साळू दरबारात गेली. भानुराजे मनाने वाईट नव्हते, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. "कायदा सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "बिनपगारी माणूस छत्रात दिसता कामा नये. आणि पेजही चुकता कामा नये. रोगी उपाशी राहिले तर अपराध तुझा! येत्या पौर्णिमेला मी स्वतः येऊन बघतो. जमलं नसेल तर कुलूप."

साळू घरी आली ती रडकुंडीला येऊनच. पगार द्यायला पैसा नाही, पैसा नाही म्हणून माणसं नाहीत, माणसं नाहीत तर पेज कुठली? पडवीतल्या म्हाताऱ्यांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. पण राजांची एक हौस साऱ्या गावाला ठाऊक होती. कुठेही गेले की चार लोकांसमोर स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं! कुठे रोप लावायचं, कुठे पहिली कुदळ मारायची. साळूने डोळे पुसले आणि गडावर निरोप धाडला, "पौर्णिमेची पेज महाराजांच्या हातून वाढली जावी, एवढी इच्छा आहे."

राजे खूश झाले. पौर्णिमेला वाजतगाजत आले, बाह्या सावरल्या, ओगराळं हातात घेतलं आणि पहिल्याच आजोबांच्या वाडग्यात पेज ओतली. लोकांनी जयजयकार केला. ओगराळं खाली ठेवून राजे पंतांना म्हणाले, "पगारी माणूस अजून एकच दिसतोय. आणा ते कुलूप. मला दरबारात जायचंय."

साळू दारात आडवी उभी राहिली. "असं कसं जाता, महाराज? अख्खी पडवी अजून उपाशी आहे. मी रजा दिलेली नाही."

पंत ओरडले, "जीभ आवर! कुणाशी बोलतेस?"

"माझ्या नोकराशी," साळू म्हणाली. "कामाला हात लावेल तो नोकर, असं तुम्हीच लिहिलंय. महाराजांनी हात लावला, साऱ्या गावाने बघितलं. आता नोकराने दुसरा उद्योग करायचा नाही. राज्य चालवणं हा उद्योग आहे की नाही, ते महाराजांनीच सांगावं."

राजांनी हो म्हणावं तर गादी सोडायची, नाही म्हणावं तर आजवर गादीवर बसून काय केलं ते सांगायचं!

पंत घाईघाईने पुढे झाले. "अगं, महाराजांना कशाला नोकर म्हणतेस? ते पगारासाठी थोडेच आले? त्यांना कुणी कामावर ठेवलं नाही, कुणी भाग पाडलं नाही. मनात आलं म्हणून आले, मनात आलं की जातील. असा माणूस नोकर कसा होईल?"

साळू राजांकडे वळली. "ऐकलंत, महाराज? आवडाबाईबद्दल मी इतके दिवस हेच सांगत होते. फक्त माझं कुणी लिहून घेत नव्हतं."

राजे पंतांकडे बघून असे खदखदून हसले की खाली ठेवलेलं ओगराळं उचलायला पुढे आलेली आवडाबाईही ते हातात घेऊन हसायला लागली.

"पंत, आत्ता बोललात ते कायद्यात घाला," राजे म्हणाले. "आणि ज्याला भाग पाडलंय, त्याला पाहुणा म्हटलं तरी पगार द्यावा लागेल, हेही घाला. महंताला मी स्वतः जाऊन वाचून दाखवतो. साळू, या छत्राला दरसाल तांदूळ गडाच्या कोठारातून येईल. आणखी काय हवं?"

"सखोबाच्या औषधाचं तेवढं कायद्यात राहू द्या, महाराज. ते चांगलं आहे."

"राहील. आता मला रजा?"

"मिळेल की," साळू म्हणाली आणि आवडाबाईच्या हातातलं ओगराळं तिने राजांपुढे धरलं. "पण तुम्ही मनापासून आला होतात ना? मग बाकीची पडवी उपाशी कशाला ठेवता?"

राजांनी हसत हसत पुन्हा बाह्या सावरल्या आणि शेवटच्या वाडग्यापर्यंत पेज वाढली.