दीड इंच खाली

“...आणि पुढनंबी दोन बोटं खाली घेतली, तर मग वळंल का वो, वस्ताद?”

बाबालाल वस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

बाहेर धुकं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याची ती वस्तादांच्या गॅरेजची पत्र्याची शेड, समोरचा डांबरी रस्ता, पलीकडचा उसाचा फड, सगळं त्या धुक्यात विरघळलेलं. कुठल्याशा गुऱ्हाळातून काहिलीचा गोड वास येत होता, पण गुऱ्हाळ कुठल्या अंगाला आहे ते काही कळत नव्हतं. अशा सकाळी माणूस जागा आहे की झोपेतच चालत आलाय, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

धैर्यशील इंगवले मात्र चांगलाच जागा होता. चार दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

रविवारी घाटाची शर्यत होती. एकेका मोटरसायकलने पायथ्यापासून वरच्या नाक्यापर्यंत चढायचं, घड्याळ लावून. गेल्या वर्षी धैर्यशील त्याच शर्यतीत पडला होता. वळणावर पडला असता तर लोक हळहळले तरी असते. हा पडला सुरुवातीच्या रेषेवर, गाडी जागच्या जागी उभी असताना. उंची पाच फूट दोन इंच, आणि गाडी ही एवढी उंच. पाय टेकायला गेला तिथे रस्ता दोन बोटं खोल निघाला, आणि गाडीसकट स्वारी आडवी. आईबापांनी हौसेने ठेवलेल्या नावाची त्या दिवशी लोकांनी पार शोभा केली. तो व्हिडिओ अजून गावभर फिरत होता.

म्हणून त्याने गाडीच खाली घेतली. घरच्या अंगणात, मोबाइलवर बघून बघून. मागच्या शॉकअपखालच्या कंपनीच्या पट्ट्या काढल्या, लांब पट्ट्या घातल्या, आणि गाडी मागून दीड इंच बसली. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी होतं. तीन वर्षं बाबालाल वस्तादांच्या हाताखाली काम शिकलेला हा गडी, पण वस्तादांना त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि तेव्हापासून गाडी ऐकेना. मागून बसली तशी तिने पुढून नाक वर केलं होतं. वळ म्हटलं की ती आधी सरळच बघायची, मग सावकाश वळायला घ्यायची, आणि तोवर रस्त्याची कड आलेली असायची. परवा तिसऱ्या वळणावर कठड्याचा चुना त्याच्या पँटीला लागला. कठड्यापलीकडे दरी होती. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

“गाडी कुठाय?” वस्तादांनी बशी खाली ठेवली.

“भिंतीला टेकवलीय.”

“स्टँडला का न्हाई?”

गाडी खाली बसली होती, पण साइड स्टँड होता तेवढाच लांब होता. स्टँडवर लावली की गाडी कलायचीच नाही, ताठ उभी राहायची, आणि कुणी नुसतं शिंकलं तरी पलीकडे जाईल अशी भीती वाटायची.

“स्टँड कापून घेतो, वस्ताद.”

“काप.”

“आणि पुढच्या चाकाचे चिमटे वर सरकवून नाक खाली घिऊ?”

“घे. वळंल मग.”

धैर्यशीलचा जीव भांड्यात पडला.

“वळंल,” वस्ताद म्हणाले, “आणि पोट घासंल.”

“...मग?”

“मग कमी कलायचं.”

“कमी कललो तर वेळ जाईल की वो!”

“मग रस्ता काप.”

थट्टा आहे की रागावणं, हे वस्तादांच्या तोंडावरून कधीच ओळखता यायचं नाही. ते उठले, भिंतीपाशी गेले, खाली बसले. फुटरेस्टच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. टोक घासून चकाकत होतं. त्यांनी अंगठा धैर्यशीलला दाखवला. अंगठ्यावर काळी पूड होती.

“आत्ताच रस्त्याला लागतंय हे.”

“व्हय.”

“हितनं नाक्यापातूर जायला पाय किती येळा टेकतोस?”

धैर्यशीलने मनात रस्ता चढून पाहिला. “एकदा. निघताना... आणि एकदा थांबल्यावर.”

“दोनदा.”

“दोनदा.”

“आणि वळतोस किती येळा?”

धैर्यशीलने मोजायला सुरुवात केली. सातव्या वळणाशी त्याचा आवाज बारीक झाला. अकराव्याला तो थांबला.

धुक्यातून एक दूधवाला किटल्या वाजवत गेला. तो दिसला नाही, नुसत्या किटल्याच गेल्या.

“वस्ताद,” धैर्यशील म्हणाला, “तुम्हाला काय सांगू... पडल्यावर लई लाज वाटती. समदे बघत असतात. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.”

हे बोलताना त्याचे डोळे भरून आले. कुणाजवळ तरी हे बोलायचं म्हणून तो वर्षभर थांबला होता.

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं.

“जुन्या पट्ट्या फेकल्यास?”

धैर्यशीलने जाकिटाच्या खिशात हात घातला. पट्ट्या खिशातच होत्या, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेल्या. गाडी खाली घेतली त्या दिवसापासून तो त्या बरोबर घेऊन हिंडत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वस्तादांनी पाना पुढे केला.

गाडी जॅकवर चढली. लांब पट्ट्या निघाल्या, जुन्या बसल्या. जॅक काढला तेव्हा गाडी पहिल्यासारखी उंच, थोडी पुढे झुकून उभी राहिली.

वस्तादांनी पायातली चप्पल काढली आणि गाडीवर टांग टाकली.

तेव्हा धैर्यशीलला दिसलं. वस्ताद त्याच्याहून चार बोटं बुटके होते. तीन वर्षं रोज शेजारी बसून काम केलं, आणि हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या मनात वस्ताद नेहमी उंचच होते.

म्हातारा सीटवर किंचित डावीकडे सरकला. डावं पाऊल पुरं जमिनीवर, उजवं फुटरेस्टवर. गाडी कणभरही हलली नाही. मग त्यांनी हात लांब करून चहाची बशी मागितली आणि उरलेला चहा गाडीवर बसून, घोट घोट घेत संपवला.

धैर्यशील बघत राहिला.

“...आणि डावीकडं खड्डा असला तर?”

“तर पडायचं,” वस्ताद म्हणाले, आणि उतरले.

धैर्यशील निघाला.

सुरुवातीला त्याला काही सुचत नव्हतं. पुढे दहा हात रस्ता, त्यापुढे पांढरं. पहिलं वळण धुक्यातून आलं आणि त्याने गाडीला वळ म्हणायच्या आत ती वळलेली होती. दुसऱ्याला त्याने नुसती मान वळवली. तिसऱ्या वळणाचा कठडा आला, डावीकडे दोन हात दूर राहिला आणि मागे गेला. पुढे पुढे वळणं येत होती की तोच त्यांच्याकडे जात होता, ते कळेनासं झालं. जमीन खाली कुठेतरी होती, पण किती खाली, याचा त्याला विसर पडला. हेल्मेटच्या आत तो गात होता. कुठलं गाणं ते त्याला नंतर आठवलं नाही. इतका सुखात तो कधीच नव्हता, अगदी पहिल्यांदा सायकल आली त्या दिवशीही नाही.

वर नाक्यावर तो थांबला नाही. तसाच वळून खाली आला.

शेडसमोर एव्हाना धुकं विरळ झालं होतं. एस.टी.ची वाट बघत चार बायका उभ्या होत्या, दूधवाल्यांच्या दोन सायकली होत्या, वस्ताद दारात होते. धैर्यशीलने गाडी आणली, झोकात थांबवली, डावीकडे सरकला आणि डावा पाय टाकला.

तिथे बारीक खडी होती.

पाय सरकला. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, कुणी अंथरुणावर निजवावी तशी आडवी झाली, आणि तिच्याबरोबर धैर्यशीलही.

एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. एका दूधवाल्याने मोबाइल काढला.

धैर्यशील खडीवर पडून राहिला. वर आभाळ पांढरं होतं. आता लाज वाटेल, म्हणून तो डोळे मिटून तिची वाट बघू लागला.

चपलांचा आवाज जवळ आला. वस्तादांनी गाडी उचलली नाही. त्यालाही हात दिला नाही. ते त्याच्याशेजारी, भर रस्त्यात, उकिडवे बसले आणि त्याच्या तोंडाजवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं,

“वळणं कशी लागली रं?”