गोळीबंद पाक

गप्प पडा. पाय हलवायचे नाहीत. ऐका.

एका डोंगरावर होता मधगड, समोरच्या डोंगरावर चारोळगड. मधगडाच्या कड्याला मोहोळंच मोहोळं. चारोळगडाच्या रानात चारोळीच चारोळी. चारोळगडच्या रायाजी राजाला मध हवा होता. मागायची लाज वाटली. मग तो लढायलाच आला. राजेच ते, बरं का.

मधगडचा राजा भुजंगराव. त्यानं तटावर बंदुकवाले बसवले आणि मुदपाकखान्यात निरोप धाडला, "शिपायांसाठी मध-शेंगदाण्याची वडी करा. हातात धरून खाता आली पाहिजे."

स्वयंपाकाला होती धोंडाक्का. पहिल्या दिवशी तिनं पाक लवकर उतरवला. वडी शिपायांच्या कोपरापर्यंत ओघळली. दुसऱ्या दिवशी पाक करपला. राजा चिडला. म्हणाला, "अक्का, उद्या जमली नाही तर ही चूल सोडायची."

तीस वर्षं त्या चुलीपुढं काढलेली बाई ती.

तिसऱ्या दिवशी अक्का कढईपासून हलली नाही. पाकाचा एक थेंब पाण्यात टाकला. विरघळला. मग दुसरा टाकला. पसरला. मग तिसरा टाकला. त्याची टणक गोळी झाली! असा पाक म्हणजे गोळीबंद. अक्का आनंदानं ओरडली, "गोळीबंद! गोळीबंद!"

तटावरच्यांनी ऐकलं, "गोळी बंद!" त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. मग रायाजी शंभर माणसं घेऊन शिडीवरून आत. वास आला तसा थेट मुदपाकखान्यात.

भुजंगराव धावत आला. "गोळी बंद कोण म्हणालं?"

"मी," अक्का म्हणाली. "पाक गोळीबंद झाला. मग काय एकतारी म्हणू?"

"अगं, शत्रू आत आला!"

"बरं झालं. वडी आत्ता थापली नाही तर दगड होईल. हात कमी पडतायत. ओ राजे, तलवारी कोपऱ्यात ठेवा. सगळ्यांनी हाताला तूप लावा."

"मी राजा आहे!" रायाजी म्हणाला.

"दिसतंय. तूप लावा."

लावलं. तिच्यापुढं कोण बोलणार? शंभर माणसं आणि दोन राजे खाली बसून वड्या थापू लागले.

थापून झाल्यावर रायाजीला आठवलं, आपण लढायला आलोय. त्यानं तलवार उचलली. सटकली. पुन्हा उचलली. सटकली. तिसऱ्यांदा ती भुजंगरावाच्या पायाशी जाऊन पडली. भुजंगराव उचलायला गेला, त्याच्याही हातून सटकली. आधी रायाजीचीच माणसं हसली. मग सगळे.

अक्कानं रायाजीच्या हातावर वडी ठेवली. त्यानं खाल्ली. बराच वेळ चावली.

"झकास आहे," तो म्हणाला. "पण हिच्यात चारोळी हवी."

"मग आणा की," अक्का म्हणाली.

रायाजी भुजंगरावाकडं वळला. खाली बघत म्हणाला, "चारोळी देतो. थोडा मध द्याल?"

"अहो, घागरभर न्या!"

मग मध तिकडं जाऊ लागला, चारोळी इकडं येऊ लागली. अक्काची चूल अक्काकडंच राहिली. दोन्ही गडांवरची पोटं भरली, भांडणं मिटली.

आता तुम्ही डोळे मिटा.