सहावं ताट

भांड्यांना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. प्रमिलाकाकूंनी हौसेनं चिनी मातीची सहा ताटं आणली. स्वयंपाकघर उजळलं. पाचांत घरचे जेवत. सहावं कोरंच राही, कारण काकू सगळ्यांच्या मागून, तडा गेलेल्या जुन्या ताटलीत जेवत.

एक दिवस ताटली भडकली. "लाज नाही वाटत तुला? स्वयंपाक ती करते, आणि तिच्या पुढ्यात मी, फुटकी?"

"तीच मला घेत नाही," सहावं ताट म्हणालं.

"मी असेपर्यंत घेणारही नाही," म्हणत ताटलीनं ओट्यावरून उडी मारली. तिचे तुकडे झाले.

काकूंनी तुकडे गोळा केले. सहावं ताट काढलं, पदरानं पुसलं. "पाहुण्यांना होईल," म्हणत परत ठेवलं, आणि पातेल्यावरचं झाकण उलटं करून त्यातच वाढून घेतलं.